जागा एक, लायक दोघे

कोइवुला, ९ जानेवारी

ताउनो,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पाकिटावरचं बहिणीचं अक्षर बघून तू आधी खुर्ची शोधली असशील, कारण आपल्या घरातून पत्र निघतं ते कुणी गेल्यावरच. तर उठ, कॉफी ठेव आणि मग पुढचं वाच.

काल रोजगार कचेरीतून माझ्याकडे एक अर्ज आला. आपल्या दुकानातल्या ॲकॉर्डियन दुरुस्तीच्या जागेसाठी. उमेदवाराचं नाव ताउनो हाउताला, मुक्काम ओउलु, सध्या बेकार, आणि ‘स्वतःविषयी थोडक्यात’ या रकान्यात दोनच शब्द: ‘काम येतं.’ मी तो अर्ज वाचला, बाहेर जाऊन अंगणातला बर्फ उपसला, शेजाऱ्याच्याही अंगणातला उपसला आणि परत येऊन पुन्हा वाचला. अक्षर तुझंच होतं.

आता नीट ऐक. ही जागा भरण्यासाठी नाहीच. माणूस मला मिळालेला आहे. त्याचं नाव वाझा. जॉर्जियातल्या डोंगराळ मुलखातला आहे. त्याच्या गावात म्हणे बायका ॲकॉर्डियन वाजवतात आणि पुरुष ऐकून रडतात. वाद्यशाळेत शिकायला म्हणून आला, माझ्याकडे उमेदवारी केली, आता वरच्या खोलीत राहतो. हात सोन्याचा आहे, तोंड मात्र मिटत नाही. त्याचा विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना जूनअखेर संपतो. नोकरीचा परवाना मिळाला तर तो इथे राहील, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत जाईल. आणि परक्या माणसाला नोकरी द्यायची तर आधी साऱ्या फिनलंडला आणि मग साऱ्या युरोपीय संघाला विचारावं लागतं, की बाबांनो, तुमच्यात कुणी लायक आहे का? कुणीच नाही असं ठरलं, तरच परवाना. म्हणून ती जाहिरात.

आर्वोने सल्ला दिला होता. (आपला हिशेबनीस आर्वो. अजून आहे, अजून घोरतो.) म्हणाला, जाहिरात अशी लिही की चिमणीसुद्धा फिरकणार नाही, जॉर्जियन भाषा आवश्यक, असं ठोकून दे. पण मला ते जमेना. सूर लागेपर्यंत रीडची पट्टी कानसेने घासायला जॉर्जियन कशाला लागते? मी बसले आणि या कामाला खरोखर जे लागतं ते लिहून काढलं. यंत्र न लावता कानाने सूर लावता यावा. भात्याला ठिगळ स्वतःच्या हाताने घालता यावं. शनिवारी नाच असेल तर शुक्रवारी वाद्य तयार हवं, हे सांगावं लागू नये. सकाळपासून चुलीवर राहिलेली कॉफी पिता यावी. मालकिणीबरोबर दिवसभर न बोलता बसता यावं. मला वाटलं, असा प्राणी आता युरोपात उरलेला नाही. लिहिताना मी कुणाचं वर्णन करतेय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आर्वो म्हणतो, त्याला पहिल्या ओळीलाच कळलं होतं, पण त्याला वाटलं मी मुद्दाम लिहितेय.

तेव्हा कृपा कर आणि अर्ज मागे घे. एक ओळ पुरेल.

इर्मेली

ता.क. हात बरे आहेत. म्हणजे जेवता येतं.


कोइवुला, २४ जानेवारी

ताउनो,

तुझं कार्ड मिळालं. ओउलुच्या बाजारचौकातल्या त्या जाड्या पोलिसाच्या पुतळ्याचं चित्र पाठवून तुला काय सुचवायचं होतं ते कळलं नाही. मागचा मजकूर मात्र पाठ झाला आहे: ‘मागे घेता येत नाही. दर महिन्याला चार ठिकाणी अर्ज करावे लागतात, नाही म्हटलं की बेकारभत्ता बंद. शिवाय मी लायक आहे.’

पहिली दोन वाक्यं मी समजून घेतली. तिसऱ्याची गरज नव्हती.

तू कामाला होतास ते ओउलुचं वाद्यांचं दुकान बंद पडलं हे मला सरकारी कागदावरून कळावं, याचं मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं मी इथे लिहून टाकते आणि पुढे जाते.

तर मुलाखत घ्यावीच लागणार. बारा फेब्रुवारीला, दुपारी. आणि आपलं दोघांचं आडनाव एक, म्हणून कचेरीच्या लेप्पालाबाई स्वतः समोर बसणार आहेत. घरच्या घरात काही शिजत नाही ना, हे बघायला. मी त्यांना फोनवर खोदून विचारून घेतलं आहे. उमेदवाराला कामाची पद्धतच मान्य नसेल तर तो त्या जागेला लायक ठरत नाही, पण कामचुकारही ठरत नाही. भत्त्याला धक्का नाही. मी देवाचे आभार मानले, कारण पद्धत मान्य नसण्यात तुझा हात धरणारा या देशात दुसरा नाही.

मी तुला सगळ्यांसमोर विचारीन: चारशे बेचाळीसवर सूर लावशील का? तू म्हणायचं, नाही. बस. आठवतंय ना? बाबांचं दुकान पहिल्यापासून चारशे बेचाळीसचं. मधल्या ‘ला’ या सुराची तेवढी कंपनं सेकंदाला, एक कमी नाही, एक जास्त नाही, नाचाच्या मांडवात सूर जरा चढाच हवा, असं ते म्हणत. तू म्हणायचास, जग चारशे चाळीसवर गेलंय, पियानोबरोबर आपली वाद्यं भांडतात. बाबा गेल्यावर मी म्हटलं, बेचाळीसच. तू हत्यारांची पेटी उचललीस आणि ओउलुची बस धरलीस. दोन कंपनांवरून एवढ्या वर्षांचा अबोला आर्वोच्या मते देशातला विक्रम असावा. निदान आता तो कामी तरी येऊ दे. तू खरं बोलशील, मी खरं लिहीन, आणि वाझा राहील.

वाझाला मी सगळं समजावून सांगितलं. त्याला एकच गोष्ट कळली, की मला भाऊ आहे. तेव्हापासून तो रोज जेवताना उभा राहतो, ताकाचा पेला वर धरतो आणि तुझ्या नावाने भाषण करतो. तुझे डोळे, तुझे हात, तुझे पूर्वज, सगळ्यांना आयुष्य चिंततो. मी मान खाली घालून बटाटे खाते. काल म्हटलं, अरे, ज्याला आयुष्य चिंततोस तो तुझ्या तोंडचा घास काढायला येतोय.

तो म्हणाला, ‘‘मावशी, आमच्याकडे भाऊ आधी येतो, परवाना नंतर.’’

मी म्हटलं, इथे परवाना आधी येतो. आणि भाऊ आला तर भत्ता वाचवायला येतो.

बारा तारखेला ये. गरम कपडे घाल. आणि नाही म्हण.

इर्मेली


कोइवुला, १३ फेब्रुवारी

ताउनो,

काल तू ‘येतो’ म्हणून उठलास आणि बस धरलीस, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. तू थांबला असतास तरी राहिलंच असतं. म्हणून लिहिते. तुला माहीत असलेलंच लिहिते आहे, कारण मला ते अजून खरं वाटत नाही.

लेप्पालाबाई बाबांच्या स्टुलावर बसल्या. मी कॉफी ओतली. तू ‘थंडी आहे’ म्हणालास, मी ‘आहे’ म्हटलं, आणि मग आपण तिघंही आपापल्या कपात बघत बसलो. बाईंनी त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात वाझा चीज भरलेल्या रोटीचं तबक घेऊन आत आला, तबक बाईंच्या कागदांवर ठेवलं आणि तुझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तू खांबासारखा उभा होतास. बाईंनी तेही लिहिलं असावं.

मग मी तुझ्यापुढे तीन बेसूर रीड टाकले. परीक्षा घ्यावी लागते. तू कानस उचललीस आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण तुझा हात थेट बाबांसारखा चालतो, आणि लेप्पालाबाईंसमोर मला तसलं काही करायचं नव्हतं. वाझा मात्र दारात उघड रडत होता. परीक्षा संपली. तिन्ही सूर लागले होते, अर्थातच चारशे चाळीसला. मी मनात म्हटलं, शाबास.

आणि मी विचारलं. आवाज जितका कडक करता येतो तितका केला होता. ‘‘आमच्याकडे चारशे बेचाळीसवर सूर लागतो. चालेल?’’

तू माझ्याकडे बघितलंस. तोंडाकडे नाही, हातांकडे. कपाला मी दोन्ही हातांनी धरलं होतं.

‘‘चालेल,’’ म्हणालास.

जे ऐकायला मी एवढी वर्षं थांबले होते ते तू म्हणालास, आणि नेमकं नको तेव्हा. मी म्हटलं, नीट विचार कर. तू म्हणालास, केला. मी म्हटलं, घाई नाही, घरी जाऊन कर. तेव्हा लेप्पालाबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘मालकीणबाई, उमेदवार हो म्हणतोय.’’ अशा आवाजात, की जणू मला ऐकू कमी येतं.

तू गेल्यावर मी वाझाला धारेवर धरलं. तो आधी पाठ फिरवून चुलीत लाकडं घालत राहिला, मग सगळं कबूल केलं. त्याने तुला फोन केला होता. माझ्या मोबाइलमधून नंबर घेऊन. तुला सांगितलं, की कानस माझ्या हातातून पडते. पडली की मी खाली वाकून दुसरंच काहीतरी शोधल्यासारखं करते, आणि त्याला वाटतं आपण बघितलं नाही असं दाखवावं, म्हणून तोही दुसरीकडे बघतो. हे सगळं त्याने परक्या माणसाला फोनवर सांगितलं. परका म्हणजे तू.

मी विचारलं, ‘‘आणि स्वतःच्या परवान्याचं बोललास का?’’

‘‘अशा वेळी स्वतःचं कसं बोलायचं, मावशी?’’ म्हणाला. ‘‘लाज वाटली.’’

मी त्याला गाढव म्हटलं. दोनदा म्हटलं. मग त्याच्यासाठी बटाटे वाढले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

रात्री जेवणानंतर मी कचेरीचा कागद भरला. ‘उमेदवार लायक आहे का?’ खाली दोन चौकटी. आर्वो फोनवर ओरडत होता, ‘नाही’वर खूण कर, ‘नाही’वर, कोण तपासायला येतंय? पण तिन्ही सूर मी माझ्या कानाने ऐकले होते. मी ‘हो’वर खूण केली. म्हणजे जागा तुझी, आणि वाझाचा नोकरीचा परवाना गेला.

जाताना लेप्पालाबाईंनी बूट चढवता चढवता एक गोष्ट सांगितली, ती तुझ्या बसच्या गडबडीत राहिली. म्हणाल्या, परक्या माणसाला नोकरी करायची तर रिकामी जागा लागते; स्वतःचा धंदा काढायचा तर लागत नाही. तो परवाना वेगळा, त्याला जाहिरात नाही, फक्त धंद्यावर पोट भरेल हे दाखवावं लागतं. वाझाने हे ऐकलं आणि तो रात्रभर वर येरझारा घालतोय. छताचं लाकूड वाजतंय, मला झोप नाही.

सोमवारी ये. सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत तुझा पलंग टाकते. मला आनंद झाला आहे, आणि वरच्या मजल्यावर येरझारा ऐकू येताहेत, तेव्हा तो धड होतही नाही.

इर्मेली


कोइवुला, २ मे

प्रति, ताउनो हाउताला, कामगार
विषय: लेखी ताकीद

हे पत्र तू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून वाचतो आहेस. तोंडी सांगितलं असतं, पण कायद्याने ताकीद लेखी लागते, आणि तोंडी आपल्याला जमतही नाही. तू आल्यापासून आपल्यात झालेलं सर्वांत लांब संभाषण भाता चिकटवायच्या सरसाबद्दल होतं.

आरोप असा. वाझाने धंद्याच्या परवान्यासाठी अर्ज केला, हे तुला माहीत आहे. धंद्याचा आराखडा त्याने स्वतः लिहिला. पहिल्या पानावर त्याची आजी, दुसऱ्यावर डोंगर, तिसऱ्यावर ‘माझ्या हातून सारा फिनलंड आनंदाने रडेल’. कचेरीने उलट विचारलं: रडणारे किती, आणि दर महिन्याला किती? गिऱ्हाइकांची लेखी हमी हवी. वाझाचा चेहरा पडला. माझी गिऱ्हाइकं तो घेणार नाही म्हणाला. मावशीच्या ताटातलं नको. आठवडाभर त्याने जेवताना भाषणसुद्धा केलं नाही. तेव्हा मला कळलं की भाषणांची मला सवय लागली आहे.

आणि मग मला फोन यायला लागले. नाचाच्या बँडचा राइमो विचारतो, ते नवं चारशे चाळीसवालं दुकान तुझ्याच पत्त्यावर कसं? शाळेच्या संगीतबाई तेच विचारतात. चर्चचे वादक, जे बाबांच्या सुराला कंटाळून आजवर आपली वाद्यं तांपेरेला नेत होते, तेही. मी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला सांगितलं कुणी? सगळ्यांचं उत्तर एक: चिखलातून सायकलवर एक माणूस आला. स्वयंपाकघरात बसला. तीन कप कॉफी प्याला. ‘पोरगा चांगला आहे. चाळीसवर लावतो,’ म्हणाला आणि सही होईपर्यंत गप्प बसून राहिला. वादक म्हणाले, ती शांतता सहन होईना म्हणून त्यांनी लवकर सही केली.

तो माणूस तू आहेस. नाकारू नकोस, सायकल माझी आहे आणि तिला चिखल आहे.

रविवारी गेलो होतो, कामाच्या वेळात नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. पण माझ्या दुकानातला पगारी माणूस माझ्याच नाकासमोर दुसऱ्या धंद्यासाठी गिऱ्हाइकं गोळा करतो, याला आर्वोच्या भाषेत हरामखोरी म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत त्याहून लांब काहीतरी. तेव्हा ही ताकीद. पुन्हा असं झाल्यास पुढची कारवाई केली जाईल. कसली, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आणखी एक. माझ्याबद्दल तू साऱ्या आयुष्यात ‘चांगली आहे’ असं कुणाच्या स्वयंपाकघरात बसून बोलला नाहीस. हे आरोपात धरलेलं नाही, नुसतं नोंदवून ठेवते.

धंद्याला स्वतंत्र जागा लागते, म्हणून आर्वोने आज टेबलाच्या मधोमध पट्टी चिकटवली. खिडकीकडची बाजू वाझाला भाड्याने दिली आहे. भाडेपत्रात चुलीची ऊबही लिहिली. पट्टीच्या पलीकडे हत्यारं ठेवायची नाहीत. शाळेच्या मोठ्या वाद्याचा भाता पार गेला आहे, वाझाला म्हणावं दुरुस्तीचा दर जपून सांग, नाहीतर तोट्यात जाशील.

वाचून सही कर आणि परत दे.

इर्मेली हाउताला, मालक


कोइवुला, २३ जून, जुहान्नुसची संध्याकाळ

ताउनो,

तुम्ही दोघं तळ्यावर या उन्हाळी सणाच्या होळीची लाकडं रचायला गेला आहात. वाझा तुला काहीतरी समजावतोय ते इथपर्यंत ऐकू येतंय. तू काही बोलत नाहीयेस तेही ऐकू येतंय.

सकाळी परवाना आला, तेव्हा तू बघितलंस ते निम्मंच. वाझा स्टुलावर चढला, रडला, आजीला फोन लावला, मला मिठी मारली, टपालवालीला मारली, आणि लेप्पालाबाईंना फोन करून सांगितलं की ही मिठी समजा. बाई म्हणाल्या, नोंद घेतली. मग तो तुझ्याकडे वळला तर तू लाकडं फोडायला निघून गेलास. एवढ्या उकाड्यात कशासाठी लाकडं, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तो त्याचा आनंद आहे. मलाही खूप आनंद झाला, वाझासाठी. महिनाअखेरची धास्ती मनात होती, ती गेली.

आणि मग माझ्या खुर्चीवर तुझी चिठ्ठी सापडली. ‘राजीनामा. वाझाकडे काम जास्त आहे. तिथे चाळीस.’

मी दुपारपर्यंत संतापले होते. हे स्वच्छ सांगते. ज्याला ठेवून घ्यायला मी जाहिरात दिली त्याने स्वतःचा धंदा काढला, आणि ज्याने येऊच नये म्हणून मी पत्रं लिहिली तो येऊन त्या धंद्यात नोकरीला लागतोय. साऱ्या युरोपात शोधून मला मिळाले दोघे, आणि आता माझ्याकडे एकही नाही.

जेवायच्या आधी वाझा आला. अंगात कोट, गळ्यात टाय. म्हणाला, नवा मालक म्हणून जुन्या मालकाकडे चौकशी करायची इथली रीत आहे असं आर्वोने सांगितलं. ‘‘मावशी, हा ताउनो हाउताला माणूस कसा आहे?’’

मी म्हटलं, ‘‘हट्टी आहे. बोलत नाही. घे.’’

त्याने ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, बारीक कानसकाम माझ्या दुकानासाठी त्याचा धंदा करून देईल, मला हात लावावा लागणार नाही. मी विचारलं, करणार कोण? तो म्हणाला, ताउनो. बेचाळीसवर? बेचाळीसवर, म्हणाला, गिऱ्हाईक मागेल ते. म्हणजे माझं काम तूच करणार, बाबांच्याच सुरात, फक्त पगार वाझा देणार. मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि वाझाला वाटलं मी रडतेय, म्हणून तो रडला.

राजीनामा मंजूर आहे. सोमवारपासून तू पट्टीच्या पलीकडे बस.

आता मालक म्हणून लिहीत नाही. त्या दिवशी तू ‘चालेल’ म्हणालास ते माझे हात बघून, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी त्या ‘चालेल’वर तुला ठेवून घेतलं, आणि चार महिने तुझ्याकडे बघत होते. बेचाळीसवर सूर लावताना दर वेळी तुझा जबडा आवळतो. बाबांचाही असाच आवळलेला मी बघितलाय. तसलं हो मला नको होतं. आता मी तुझी मालकीण नाही, तुझ्याकडून हो मागायचा मला हक्क नाही. तेव्हा नाही म्हण. रोज म्हण, पाहिजे तर सकाळी कॉफीच्या आधी म्हण. फक्त ओउलुहून म्हणू नकोस. इथे, माझ्यासमोर बसून म्हण.

इर्मेली